साडेआठ हजारांचं छप्पर

मित्रांनो, या अंकात पावसावर चार आणि आईवर तीन कविता नक्की असतील, म्हणून मी ताडपत्रीवर लिहायचं ठरवलं. हसू नका. याच विषयापायी मागच्या एप्रिलमध्ये माझ्या रूम पार्टनरच्या भुवईवर चार टाके पडले आहेत.

झालं असं की, सबमिशन संपल्यावर आम्ही पाच जण एकाच्या घरची बोलेरो घेऊन बोर धरणाच्या बाजूला गेलो. जंगलात नाही. बोर अभयारण्य १९७० चं, २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्पही आहे आणि तिथे मनाला येईल तिथे गाडी लावून मुक्काम ठोकता येत नाही. आम्ही एका मित्राच्या मामांच्या वावरात उतरलो होतो. बरोबर नवंकोरं 'ऑनिंग' होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : गाडीच्या टपाला एका कडेने अडकवायचं, बाहेर ओढायचं, पुढे दोन काठ्या लावायच्या की झालं छप्पर. वर्गणी काढून साडेआठ हजारांना मागवलं होतं. मेसचं एक महिन्याचं बिल त्यात आरामात निघालं असतं, पण फोटोत ते इतकं झकास दिसत होतं की काय सांगू!

सूर्यास्त दिसावा म्हणून आम्ही छपराचं तोंड पश्चिमेला केलं. बरोबर आलेल्या खुंट्या बोटाएवढ्या. एप्रिलची काळी जमीन दगडासारखी, वर भेगा. दोन खुंट्या वाकल्या तेव्हा मीच म्हणालो, "राहू दे रे, काठ्या उभ्या आहेत ना, काही होत नाही." हे वाक्य माझं होतं, दुसऱ्या कोणाचं नाही. साडेपाचला पश्चिमेकडून धुळीची भिंत आली आणि कोणी उठायच्या आत छपरात वारा शिरला. कापड टपावरून पलीकडे गेलं आणि काठी निघाली ती सरळ मित्राच्या कपाळावर. बोटभर खाली लागली असती तर डोळा गेला असता.

दवाखान्यातून परत आलो तर मामा कापड गोळा करून बसले होते. म्हणाले, "कायले रे पोट्टेहो एवढे पैशे घातले? बंडीवर ताडपत्री बांधाले मी तुम्हाले फुकट शिकवली असती. अन् तोंड वाऱ्याकडं कोन ठेवते बे?"

आम्ही पाचही जण मेकॅनिकल आणि सिव्हिलचे. फ्लुइड मेकॅनिक्स सगळ्यांचं सुटलेलं, एकाला तर डिस्टिंक्शन. हिशोब मात्र टाके पडल्यावर रात्री केला, आणि तो असा आहे. हवेचा दाब म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. घनता १.२ धरा. ताशी ६० किलोमीटरची झुळूक म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. दाब आला एका चौरस मीटरवर साधारण १६७ न्यूटन. आमचं छप्पर अडीच बाय दोन, म्हणजे पाच चौरस मीटर. एकूण जोर ८३५ न्यूटन, म्हणजे ८५ किलो. हॉस्टेलमधला धडधाकट पोरगा कोणीतरी वर उचलतोय असं समजा. आणि आम्ही त्याला बोटाएवढ्या वाकलेल्या खुंट्यांनी धरून ठेवणार होतो! ताशी ३० च्या वाऱ्यात हाच जोर चौथा हिस्सा, २१ किलोच्या आसपास. म्हणून सकाळपासून सगळं ठीक वाटत होतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे आपण पेपरात दहा वेळा लिहिलेलं असतं.

तर माझं मत स्पष्ट आहे. विद्यार्थ्याने तयार ऑनिंग विकत घेऊ नये. ते वाईट असतं म्हणून नाही, चांगली असतात. पण स्वस्तातलं घेतलं तर त्यात कापड बरं असतं आणि पैसे वाचवलेले असतात ते काठ्या, खुंट्या आणि ब्रॅकेटमध्ये, म्हणजे नेमका जिथे जोर येतो तिथे. शिवाय ते बसवायला काही जण टपाला भोकं पाडतात. तिथून पाणी गळतं, गंज धरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आर.सी. वरची माहिती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, तेव्हा जे काही लावायचं ते काढता येईल असंच लावावं. गाडी बहुधा आपल्या बापाची असते, हे कलम त्याहून कडक.

आम्ही नंतर केलं ते सांगतो. वर्ध्याच्या बाजारात शेतकरी सोयाबीन-कापूस झाकायला नेतो ती साधी ताडपत्री घेतली, १२ बाय ९ फुटांची. घेताना जी.एस.एम. विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. ९० ची पातळ घेऊ नका, एका उन्हाळ्यात तिचे धागे सुटतात. आम्ही २०० ची घेतली. काठावरच्या रिंगा बघून घ्या, कारण ताडपत्री फाटते ती मध्ये नाही, रिंगेपाशी. कोपऱ्यांना शिवणाऱ्याकडून दुहेरी पट्टी मारून घेतली. ९ फुटांची बाजू गाडीच्या लांबीला, १२ पैकी ५ फूट टपावर आणि ७ फूट बाहेर. पलीकडच्या कडेच्या दोऱ्या खाली नेऊन पलीकडच्या दोन चाकांना बांधायच्या. भोक नाही, ब्रॅकेट नाही आणि गाडीचं सगळं वजन आपल्या बाजूला. टपावर आधी जुनी चादर टाका, नाहीतर रंगाला ओरखडे पडतात आणि मग घरी उत्तर द्यावं लागतं. बोलेरोसारखं कॅरिअर असेल तर आणखी सोपं : कॅरिअरला यू-क्लॅम्पने एक पाइप धरायचा, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, आणि ताडपत्रीला पायजम्यासारखा नेफा शिवून त्यात तो पाइप ओवायचा.

पुढच्या काठ्यांना जी.आय. पाइप. खुंट्यांचा नाद सोडा. आपली काळी माती उन्हाळ्यात फुटत नाही आणि पावसात लोण्यासारखी होते, खुंटी चमच्यासारखी बाहेर येते (सिव्हिलवाल्यांनी मॉन्टमोरिलोनाइट आठवावं). त्याऐवजी युरियाची रिकामी पोती न्या आणि तिथलीच माती भरा. ८५ किलोपैकी अर्धा भार गाडी घेते, उरलेला दोन काठ्यांवर, प्रत्येकी २१ किलो. झोताचा भरवसा नाही म्हणून दुप्पट धरा, म्हणजे काठीमागे ४० किलोचं एक पोतं. आणि सर्वात महत्त्वाचं : काठीचा पाय वेगळ्या दोरीने त्याच पोत्याला बांधा. कापड सुटलं तर सुटू द्या, काठी उडता कामा नये.

आता तोंड. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे झोत बहुतेक पश्चिमेकडूनच येतो आणि दुपारचं ऊनही तिकडूनच. म्हणून गाडी पश्चिमेला आडवी लावायची आणि छप्पर पूर्वेला. वारा अडतो, सावलीही मोठी मिळते. सूर्यास्त बघायचा असेल तर चार पावलं चालून जा. बाहेरची कड हातभर खाली ठेवा, नाहीतर पाणी साचतं. एक चौरस मीटरच्या खोलगट भागात सरासरी पाच सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते ५० लिटर, म्हणजे ५० किलो. गाठी सगळ्या सुरगाठी, एका हिसक्यात सुटणाऱ्या. पश्चिमेला काळं दिसलं, थंड वारा लागला की कापड आधी उतरवायचं, चहा नंतर. वीज कडकडत असेल तर पाइपजवळ न बसता गाडीत, काचा वर करून. स्टोव्ह छपराखाली पेटवू नका, प्लास्टिक आहे ते.

एक गोष्ट कबूल करतो, मेच्या दुपारी हे छप्पर भट्टी होतं. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि तापलेली ताडपत्री स्वतःच डोक्यावर उष्णता फेकते. त्यावर वीतभर अंतर ठेवून हिरवी जाळी बांधली तर मधून हवा खेळते आणि बराच फरक पडतो. हा शोध आमचा नाही. बापूकुटीच्या ओसरीत दुपारी जाऊन बसा, खोल छपराने काय होतं ते कळेल. १९३६ मध्ये सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावात, गांधीजींचं पहिलं घर बांधलं तेव्हा खर्च ५०० रुपयांच्या वर जाऊ नये आणि सामान आसपासचंच हवं अशी अट होती. आपण तिथे पाहुण्यांना घेऊन जातो, फोटो काढतो आणि परत येऊन साडेआठ हजारांची ऑर्डर देतो.

आणि हे ज्ञान आसपास भरपूर पडलेलं आहे. आषाढीला दिंडीबरोबर चालणारे ट्रक मुक्कामाला बघा. ट्रकच्या फळीपासून बांबूपर्यंत ताडपत्री ओढून दहा मिनिटांत पंधरा माणसांची सोय होते. कोणी मॅन्युअल वाचत नाही. आर्वीच्या पलीकडे कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी निघते, तिथल्या कोणत्याही ड्रायव्हरला वारा कुठून लागतो ते विचारा. तो उत्तर देईल. आमच्यातल्या डिस्टिंक्शनवाल्याला त्या दिवशी देता आलं नव्हतं.

काही मित्र म्हणतील, पैसे आहेत तर घेऊ दे ना, तुला काय त्रास? त्रास एवढाच, की विकत आणलेल्या वस्तूवर आपण हिशोबही दुकानदाराने केला असेल असं धरून चालतो. मिनी प्रोजेक्टचंही आपण तेच करतो, पण ते राहू दे, सर वाचत असतील. सरांना मात्र एक विनंती आहे : वर्कशॉपमध्ये आम्ही दर वर्षी तोच चौकोनी जॉब कानशीने घासतो आणि व्हायवा झाला की तो भंगारात जातो. एका बॅचला त्याऐवजी हे क्लॅम्प आणि दोन पाइप करू द्या. स्प्रिंग काट्याने ओढून किती किलोला सुटतं ते मोजूही द्या. हॉस्टेलला एक सामायिक संच होईल आणि पुढच्या ट्रिपला वर्गणी काढावी लागणार नाही.

तोपर्यंत आमचा संच माझ्या खोलीत आहे : ताडपत्री, जाळी, दोन पाइप, दोरी, चार पोती. सगळं मिळून २३०० च्या आत झालं. कोणालाही न्यायचा असेल तर सांगून न्या. पोती तेवढी रिकामी करून, झटकून परत आणा, ती मामांची आहेत.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी