घरांतलें शास्त्र : सुरवंटाचा काळा ठिपका

चिरलेलें वांगें उघडें राहिलें कीं काळें पडतें, म्हणून फोडी पाण्यांत टाकण्याचा प्रघात घरोघर आहे. परवां लिंबाच्या रोपावर, काट्यानें खरचटलेला एक हिरवा सुरवंट आमच्या पुतणीस दिसला. जखमेच्या जागीं काळा ठिपका उमटला होता. "काका, हा वांग्यासारखा काळा पडला, मग सगळाच कां नाहीं पडला?" असें तिनें विचारलें. प्रश्न लहान मुलीचा, परंतु विचार करण्याजोगा खास होता.

तिची उपमा सार्थ आहे. दोन्ही ठिकाणीं तांबें असलेलें एक एन्झाइम विशिष्ट द्रव्यांचा प्राणवायूशीं संयोग घडवितें व त्यांतून काळसर रंग उपजतो. कीटकांतील ह्या रंगास मेलॅनिन म्हणतात. आपल्या केसांचा काळेपणाहि मेलॅनिनचाच. मात्र कीटकाच्या ठायीं तें शस्त्रहि होय. लस टोंचल्यावर आपल्या रक्तांत जीं प्रतिद्रव्यें उत्पन्न होतात, तीं कीटकास नाहींत. जखम बुजविणें, जंतूंस कोंडणें, परोपजीवी गांधीलमाशीनें अंगांत घातलेलें अंडें काळ्या कवचांत गुदमरविणें, ह्या कामीं त्यास मेलॅनिनचें मोठें साहाय्य होतें.

परंतु हें शस्त्र दुधारी आहे. मेलॅनिन तयार होतांना मधल्या पायरीस जीं विषारी द्रव्यें निघतात, तीं जंतु आणि स्वतःच्या पेशी असा भेद जाणत नाहींत. शिवाय कीटकाचें रक्त आपल्यासारखें नळ्यांतूनच न वाहतां सर्व इंद्रियांभोंवतीं मोकळें खेळत असतें. म्हणून तें एन्झाइम एरवीं निष्क्रिय, जणूं म्यानांत, ठेविलेलें असतें. जंतूच्या कवचाची ओळख पटली कीं एक प्रथिन दुसऱ्यास व दुसरें तिसऱ्यास जागें करितें, आणि शेवटीं शस्त्र म्यानाबाहेर येतें. ह्या साखळीवर सर्पिन नांवाच्या प्रथिनांचा पहारा असतो. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या फळमाशीवर २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, एक विशिष्ट सर्पिन नाहींसें केल्यास जंतूंचा संसर्ग नसतांहि तिच्या अंगांत आपोआप काळे डाग पडतात.

शत्रूनेंहि हें वर्म हेरलें आहे. फळमाशीच्या अळींत अंडें घालणाऱ्या लेप्टोपिलिना नांवाच्या गांधीलमाशीच्या एका जातीच्या विषांत सर्पिनच असतें, व तें अळीची ही साखळी रोखतें, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. वडीलधाऱ्यांच्या आवाजांत 'थांबा' म्हणून चोरानें घरांत शिरावें, तशांतलाच हा प्रकार!

दुसऱ्या दिवशीं पुतणीनें सुरवंट पुन्हां पाहिला. ठिपका होता तेवढाच होता, आणि स्वारी पान कुरतडण्यांत मग्न होती. वांग्यास पाण्यांत घालणारें कोणी तरी लागतें. सुरवंटाचा लगाम त्याच्याच रक्तांत असतो.