सभागृह बेटांचे, किल्ली लंडनची

बहामा बेटांच्या आग्नेयेला टर्क्स आणि केकोस नावाचा एक द्वीपसमूह आहे. लहानमोठी चाळीसेक बेटे, त्यांतील जेमतेम आठ-नऊ बेटांवर कायमची वस्ती. मीठ पिकविणे हा येथला जुना धंदा. बर्म्युडाहून आलेल्या गोऱ्या मालकांनी ती मिठागरे आफ्रिकी गुलामांच्या घामावर चालविली. साहजिकच वसाहतीच्या ध्वजावरील चिन्हात मिठाचे ढीग आले. मात्र लंडनमध्ये ते चिन्ह रेखाटणाऱ्या महाभागाला ते ढीग एस्किमोंच्या बर्फाच्या झोपड्या वाटले आणि त्याने एका ढिगाला चक्क दार काढून दिले! जेथे कधी बर्फ पडला नाही, त्या बेटांच्या ध्वजावर हे दार १९६८ पर्यंत फडकत होते. ज्यांच्यावर राज्य करावयाचे ते लोक राहतात कसे, हे पाहण्याची तसदीही साहेबाने घेतली नाही, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

या बेटांना ब्रिटनने ‘स्वशासन’ दिले आहे. निवडणुका होतात, मंत्रिमंडळ बनते, सभागृह भरते. २००६ च्या राज्यघटनेने मुख्यमंत्र्याला ‘प्रीमियर’ ही भारदस्त पदवी बहाल केली. परंतु त्या घटनेच्या माथ्यावर गव्हर्नर होता आणि गव्हर्नरच्या माथ्यावर लंडनचे परराष्ट्र खाते. त्याहीवर प्रिव्ही कौन्सिलमार्फत निघणारी राजाज्ञा. ती निघाली की घटनेचे कोणतेही कलम रद्द होऊ शकते. त्यासाठी बेटांवरील एकाही मतदाराची संमती लागत नाही.

१४ ऑगस्ट २००९ रोजी नेमके हेच घडले. गव्हर्नर गॉर्डन वेदरेल यांनी मंत्रिमंडळ आणि विधानसभा दोन्ही निलंबित करून सारी सत्ता आपल्या हाती घेतली. ज्यूरीपुढे खटला चालविला जाण्याचा नागरिकांचा हक्कही त्याच राजाज्ञेने गोठविला. सभागृहाच्या जागी गव्हर्नरने स्वतः नेमलेले सल्लागार मंडळ आले. अशीच मात्रा १९८६ मध्येही देण्यात आली होती. त्याच्या आदल्याच वर्षी बेटांचे मुख्यमंत्री नॉर्मन सॉन्डर्स यांना अमली पदार्थांच्या प्रकरणात मायामीत अटक झाली होती.

२००९ मध्ये कारण भ्रष्टाचाराचे होते, आणि ते कारण खोटे नव्हते हे प्रथम मान्य केले पाहिजे. निवृत्त न्यायमूर्ती सर रॉबिन ऑल्ड यांच्या चौकशी आयोगाला सरकारी जमिनींच्या व्यवहारांत आणि मंत्र्यांच्या अर्थव्यवहारांत पद्धतशीर भ्रष्टाचाराची दाट शक्यता दिसली. प्रीमियर मायकेल मिसिक यांना मार्च २००९ मध्येच पायउतार व्हावे लागले. त्यांच्या पक्षाने २००७ मध्ये पंधरापैकी तेरा जागा जिंकल्या होत्या. दोनच विरोधक असलेल्या सभागृहात सरकारला जाब विचारणार कोण? अशा पुढाऱ्यांची तरफदारी करण्याचे कोणालाच कारण नाही. परंतु चोरी मंत्र्यांनी केली असेल तर शिक्षा मंत्र्यांना व्हावी; मतदाराचे मत का हिरावून घ्यावे?

या प्रश्नाची धार कळण्यासाठी त्याच वर्षीच्या लंडनकडे पाहावे. मे २००९ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने ब्रिटिश खासदारांच्या भत्त्यांचा कच्चा चिठ्ठा छापला. एका सन्माननीय सदस्याने आपल्या तळ्यातील बदकांच्या घरकुलासाठी पैसे मागितले होते, तर दुसऱ्याच्या खर्चाच्या यादीत वाड्याभोवतीचा खंदक साफ करण्याचा खर्च होता! सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावे लागले. सभापतीवर अशी पाळी येण्याची १६९५ नंतरची ही पहिलीच वेळ. पुढे चारशेच्या आसपास आजी-माजी खासदारांना पैसे परत करण्यास सांगण्यात आले. काही जण तुरुंगात गेले, आणि तेही ज्यूरीसमोर खटल्याला उभे राहण्याचा हक्क शाबूत ठेवून. मग ब्रिटनची संसद निलंबित झाली का? झाली नाही, आणि तसे कोणी सुचविलेही नाही. २०१० मध्ये निवडणूक झाली, मतदारांनी हिशेब चुकता केला. टेम्सकाठच्या मतदाराला जी समज आहे असे गृहीत धरले जाते, ती ग्रँड टर्कच्या मतदाराला मात्र नसते!

यावर कोणी म्हणेल, भारतातही कलम ३५६ आहे आणि त्याचा दुरुपयोगही भरपूर झाला आहे. झाला आहेच. पण राष्ट्रपती राजवटीला दोन महिन्यांच्या आत संसदेच्या दोन्ही सभागृहांची मान्यता लागते, आणि त्या संसदेत त्या राज्याचे खासदार बसलेले असतात. बोम्मई खटल्यातील १९९४ च्या निकालानंतर न्यायालयही कारणे तपासते. कलमाच्या मूळ तरतुदीप्रमाणे ही राजवट तीन वर्षांपलीकडे लांबविता येत नाही. टर्क्स आणि केकोसचा वेस्टमिन्स्टरमध्ये एकही खासदार नाही. मिसिक लंडनच्या न्यायालयात गेले, तेथे त्यांना दाद मिळाली नाही. निवडणूक जुलै २०११ पर्यंत घेऊ असे सांगण्यात आले होते, ती झाली नोव्हेंबर २०१२ मध्ये. सव्वातीन वर्षे! त्या काळात या बेटांच्या नावे २६ कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाला ब्रिटनने हमी दिली. फेडणार होती ती सुमारे तीस हजार माणसे, आणि त्यांच्या वतीने हो किंवा नाही म्हणायला सभागृहच नव्हते.

मराठी वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना ‘स्वायत्तता’ दिली आणि त्याच कायद्यात ९३ वे कलमही ठेवले. १९३९ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा देताच मुंबई प्रांताची सारी सत्ता त्या कलमाखाली गव्हर्नरकडे गेली आणि १९४६ पर्यंत तिथेच राहिली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांना लोकमान्यांनी सूर्यावाचूनची पहाट म्हटले होते, ते उगाच नव्हे.

नोव्हेंबर २०१२ च्या निवडणुकीत टर्क्स आणि केकोसच्या मतदारांनी काय केले? ज्या पक्षाचे सरकार लंडनने घालविले होते, त्याच पक्षाला पंधरापैकी आठ जागा देऊन त्यांनी पुन्हा सत्तेवर बसविले. हे शहाणपण होते की हट्ट, यावर वाद घालता येईल; पण निर्णय त्यांचा होता.

पुढे शेजारच्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांची पाळी आली. एप्रिल २०२२ मध्ये तेथील प्रीमियर अँड्र्यू फाही यांना कोकेनच्या प्रकरणात मायामीतच अटक झाली. दुसऱ्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या सर गॅरी हिकिनबॉटम आयोगाच्या अहवालाने निवडून आलेले शासन प्रारंभी दोन वर्षे निलंबित करण्याची शिफारस केली. पण आठवडाभरातच तेथील विधानसभेने स्वतः ठराव करून फाही यांना पदावरून दूर केले आणि नवा प्रीमियर शपथबद्ध झाला. फाही यांना २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने अकरा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा सुनावली. सभागृहाने आपले काम केले, न्यायालयाने आपले. लंडननेही जून २०२२ मध्ये निलंबन टाळल्याचे जाहीर केले. राजाज्ञा मात्र त्याने तयार करून घेतली आणि हाताशी राखून ठेवली.