कीबोर्ड, फोटोशॉप आणि अर्धा विठ्ठल

सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माणसाला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. 'कुठला लॅपटॉप घेऊ?' आणि 'माझा कॉम्प्युटर स्लो का झाला?' त्यामुळे माझ्या मामेभावाने फोन करून 'दादा, फोटो एडिटिंगसाठी कीबोर्ड कोणता घेऊ?' असं विचारलं तेव्हा मला भलताच आनंद झाला. कीबोर्ड हा आपला आवडीचा विषय. अर्धा तास बोललो. स्विच म्हणजे काय, मेकॅनिकल आणि मेम्ब्रेनमध्ये फरक काय, सगळं सांगितलं. एवढ्यावर न थांबता पुण्याहून एक झकास मेकॅनिकल कीबोर्ड विकत घेऊन त्याला पाठवूनही दिला. आटोपशीर, नंबरपॅड नसलेला, खाली रंगीबेरंगी दिवे. माझ्या टेबलावर तस्साच आहे.

आता त्या प्रकरणाला वर्ष होईल. मी किती चुकीचा सल्ला दिला होता ते सांगायला ही पोस्ट.

मामेभावाचा फोटो स्टुडिओ आहे भंडारा जिल्ह्यात, मोहाडीकडून तुमसरला जाताना लागणाऱ्या एका गावात. एप्रिल-मे म्हणजे लग्नांचा हंगाम. सकाळी हळद, संध्याकाळी लग्न, आणि रात्री बसून अल्बम. आपल्याला वाटतं फोटो एडिटिंग म्हणजे चेहऱ्यावरचे डाग काढणं. त्याचं निम्मं काम असतं अल्बमची पानं लावणं, आणि त्या पानांवर मराठीत मजकूर असतो. वधूवरांची नावं, आईवडिलांची नावं, आणि घरातल्या गेलेल्या माणसांचं एक पान. हे शेवटचं पान सगळ्यात महत्त्वाचं. लोक फोटोतला एखादा वाकडा हात माफ करतात, त्या पानावरची चूक करत नाहीत.

कीबोर्ड मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. 'दादा, बोर्ड तं लई मस्त आहे, पन नंबरवाला भाग कुठं गेला जी?' मी हसलो आणि म्हणालो, 'अरे, तो लागतो कुणाला? वर आकडे आहेत की.' तो बिचारा 'हो हो' म्हणाला. दादा पुण्यात इंजिनीअर, त्याला कसं सांगायचं!

तर भानगड अशी आहे. तो अजून जुन्या, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप करतो. त्याने 'मराठी ३०' ची टायपिंगची परीक्षा दिलेली आहे, बोटं टायपरायटरच्या लेआउटवर बसलेली आहेत. या फाँटमध्ये प्रत्यक्षात इंग्रजीच अक्षरं असतात, फक्त त्यांच्या अंगावर मराठी आकार चढवलेला असतो. इंग्रजी कळा किती, तर पन्नासेक. शिफ्ट धरून दुप्पट. मराठीचे सगळे आकार त्यात कसे मावणार? 'म', 'त', 'स' अशा दांडीवाल्या अक्षरांचं अर्धं रूप एका कळेवर बसतं. पण 'ट', 'ठ', 'ड' यांना दांडीच नाही, म्हणून 'ट्ट', 'ठ्ठ' ही जोडाक्षरं अख्खीच्या अख्खी वेगळी ठेवावी लागतात, आणि ती काढायची म्हणजे आल्ट दाबून धरायचं आणि चार आकडी कोड मारायचा. तो कोड फक्त उजवीकडच्या नंबरपॅडवरून चालतो. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी विंडोज दाद देत नाही.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. एका लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या आजोबांचं नाव होतं विठ्ठलराव. एरवी कोड मारून दोन सेकंदांत झालं असतं. रात्री दीड वाजता, पॅड नाही म्हणून याने जुन्या फाइलमधून ते अक्षर शोधून चिकटवायचं ठरवलं, तात्पुरतं 'विठलराव' लिहिलं, आणि तात्पुरतं तसंच राहून गेलं. अल्बम छापून आला. नवरीचे वडील पान बघत बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, 'माह्या बापाचं नाव अर्धंच छापलं जी तुम्ही.'

भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मामेभाऊ म्हणतो. त्याने अख्खा अल्बम स्वतःच्या खर्चाने परत छापून दिला. त्या पैशात माझ्यासारखे दोन कीबोर्ड आले असते.

हे मला कळलं दिवाळीत गावी गेल्यावर. मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून दोन रात्री नुसता त्याचा डावा हात बघत बसलो. उजवा हात माउसवरच असतो, कीबोर्ड खरा चालवतो तो डावा. त्यातून जे उमगलं ते असं.

पहिली गोष्ट, कंट्रोलची कळ डावीकडे अगदी कोपऱ्यात हवी. काही लॅपटॉपवर आणि छोट्या कीबोर्डवर तिथे एफएन असते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत एकापेक्षा जास्त पावलं मागे जायचं तर कंट्रोल, आल्ट आणि झेड एकदम दाबावं लागतं (२०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीपासून नुसतं कंट्रोल-झेड पुरतं). करंगळी ही कळ न बघता शोधते. ती सरकली की सगळा हात चुकतो.

दुसरी, चौकटी कंसाच्या दोन कळा पूर्ण आकाराच्या आणि सुट्या हव्यात. त्यांनी ब्रश लहान-मोठा होतो, शिफ्ट धरून ब्रशची कड मऊ-कडक होते. चेहरा साफ करताना या कळा सतत लागतात. वरचे आकडेही लागतात. ब्रश हातात असताना ५ दाबलं की अपारदर्शकता ५० टक्के, ० दाबलं की १००. फारच आखूड कीबोर्डवर वरची एफ-कळांची ओळच नसते, म्हणजे एफ ७ ने लेयर्सचं पॅनेल उघडण्याची सवय सोडा.

तिसरी, कॅप्स लॉकचा दिवा. हसू नका. फोटोशॉपमध्ये कॅप्स लॉक चालू राहिलं की ब्रशचा गोल जाऊन तिथे बारीक फुली दिसते. 'दादा, ब्रश बिघडला' असा फोन मला दोनदा आलेला आहे. पुष्कळशा वायरलेस कीबोर्डवर बॅटरी वाचवायला हा दिवाच देत नाहीत.

चौथी, रंगीत दिवे नकोत. हळदीचे फोटो म्हणजे पिवळ्यावर पिवळं. हळद, पिवळी साडी, मांडवाचं कापड गाळून आलेलं ऊन. त्यात त्वचेचा रंग खरा ठेवायचा असतो. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनच्या खाली जांभळे-हिरवे दिवे नाचत असतील तर डोळा काय खाक रंग ओळखणार! तो रात्री त्यावर टॉवेल टाकून काम करत होता. मी एवढं कौतुकाने पाठवलं म्हणून बोलला नव्हता इतकंच.

पाचवी, अर्थातच नंबरपॅड.

नंबरपॅड नसलेल्या कीबोर्डची बाजू मांडायची तर ती खरी आहे. पॅड नसला की माउस जवळ येतो, उजवा हात फार बाहेर ताणावा लागत नाही, हंगामात खांदा कमी दुखतो. मी ह्याच कारणासाठी तो घेतला होता. पण त्यावर एक फुकटचा उपाय आहे. कीबोर्ड टेबलावर डावीकडे सरकवून ठेवायचा. नाहीतरी एडिटिंगला दोन्ही हातांनी टाइप करायचं नसतंच, आणि नावं टाइप करायची वेळ आली की परत मध्ये ओढायचा. वेगळा यूएसबी नंबरपॅडही मिळतो, ज्याच्याकडे लॅपटॉपच आहे त्याने तो घ्यावा.

कुणी म्हणेल, रोग सोडून लक्षणावर औषध कशाला? युनिकोड शिकव की त्याला. बरोबर आहे, आणि ते चालू आहे. टायपरायटरचाच लेआउट ठेवून युनिकोडमध्ये टाइप करायची सोय आहे, बोटांना नवं काही शिकावं लागत नाही. पण फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाकलं की वेलांट्या उड्या मारायच्या, जोडाक्षरं फुटायची. नंतरच्या काही आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचा पर्याय निवडला की ती नीट जुळायची. आणि मराठी कीबोर्ड चालू राहिला तर कंसाच्या जागी तिसरंच अक्षर येतं, इनस्क्रिप्टमध्ये 'ड', आणि ब्रश ढिम्म हलत नाही. त्यात भाषा बदलायची आल्ट-शिफ्ट ही जोडी फोटोशॉपमध्ये एरवीही हाताखाली येते, म्हणून ती बंद करून विंडोज-स्पेस ठेवायची. शिवाय त्याचे कित्येक वर्षांचे अल्बमचे साचे जुन्या फाँटमध्ये आहेत, ते एका रात्रीत बदलत नाहीत. तोवर पोट चालायला हवं.

माझं मत विचाराल तर एवढंच. कीबोर्डबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक माझ्यासारख्या, दिवसभर इंग्रजीत कोड लिहिणाऱ्या लोकांनी लिहिलेलं असतं. त्यात स्विचचा आवाज असतो, कळांचं प्लास्टिक असतं. 'विठ्ठल' कसा टाइप करायचा हे कुणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला तो कधी टाइप करावाच लागलेला नसतो. मलाही नव्हता. कुणाला सल्ला देण्याआधी तो माणूस कुठल्या कळा दाबतो हे तासभर तरी बघावं.

शेवटी काय घेतलं? भंडाऱ्यातल्या दुकानातून साधा, वायरवाला, पूर्ण आकाराचा, नंबरपॅड आणि तीन दिवे असलेला मेम्ब्रेन कीबोर्ड. काही शे रुपयांचा. दुकानातच जोडून, नोटपॅड उघडून 'विठ्ठल' टाइप करून बघितलं आणि मगच पैसे दिले. हंगामात चहा सांडला तर त्याच दुकानातून दुसरा आणता येईल.

रंगीत दिव्यांचा तो माझ्याकडे परत आला आहे. ही पोस्ट त्यावरच लिहिली. इथे तो छान चालतो.