दिवाळीपर्यंतच्या सुट्ट्या आत्ताच ठरवा

नवरात्र जवळ आलं. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाची तयारी सुरू झाली की आपल्या बाजारपेठेचे कामाचे तास लांबायला लागतात, ते थेट दिवाळीच्या पाडव्यापर्यंत. म्हणून नाक्यावरच्या आणि आसपासच्या दुकानदारांना, ऑफिसं-दवाखाने चालवणाऱ्यांना आणि तिथे राबणाऱ्या सगळ्यांना आधीच एक विनंती: या धावपळीत सोबतच्या माणसाच्या मनाचीही काळजी घ्या.

मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक असतात. चार-सहा माणसांच्या दुकानात सगळं शेठच बघतात. त्यामुळे माणूस खचत चाललाय हेही आधी त्यांच्याच लक्षात यायला हवं. एरवी चोख असणाऱ्याचा गल्ला सलग तीन-चार दिवस जुळत नाही, डबा न उघडताच घरी परत जातो, साध्या प्रश्नावर तो गिऱ्हाइकावर खेकसतो. अशा वेळी चारचौघांत झापू नका. गर्दी ओसरल्यावर बाजूला घ्या आणि विचारा, "गेले काही दिवस तू नेहमीसारखा दिसत नाहीस. सांगायचं नसेल तर राहू दे, पण कामात काय हलकं करू ते सांग." मग ऐकून घ्या. "टेन्शन कोणाला नसतं?" असं म्हटलंत की तो पुन्हा तोंड उघडणार नाही.

नुसत्या गोड बोलण्याने भागत नाही, वेळही द्यावा लागतो. दहाला शटर ओढलं, हिशेब उरकला, की बदलापूर-टिटवाळ्याच्या माणसाला घरी पोचायला मध्यरात्र होते आणि सकाळी पुन्हा तीच लोकल. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं पडून जिवाला मुकली. दहा मिनिटं उशीर झाला तर खाडा लागेल या धास्तीने तुमच्या माणसाला दारात लटकावं लागू नये. उशिराने गेलेल्याला दुसऱ्या दिवशी तासभर उशिरा येऊ द्या. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे, तो लागू होण्याइतके कामगार असतील तिथे आठवड्याची सुट्टी, वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आणि जादा कामाला दुप्पट दर द्यावाच लागतो. माणसं कमी असली तरी आठवड्याची सुट्टी चुकवू नका.

आणखी एक सवय सोडायला हवी. कोणी जरा विचित्र वागलं की "याला ठाण्याला पाठवा" म्हणून हसायचं. आपल्याकडचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि हा विनोदही तेव्हापासूनच चालत आला असावा. नाक्यावरचं सिव्हिल रुग्णालय नव्या इमारतीच्या कामासाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं, तेव्हा तापाचे आणि बाळंतपणाचे पेशंटही त्याच वाटेने जाऊ लागले. त्यात कोणाला लाज वाटली नाही. मग झोप उडालेल्याने डॉक्टरकडे जाताना का लाजावं? डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था ठाण्यात १९९०पासून ही लाज घालवायचंच काम करते आहे.

नोकरी करणाऱ्यांनो, घरचं सगळं शेठना सांगायची गरज नाही. "तब्येत ठीक नाही, दोन दिवस हवेत" एवढं पुरे. झोप, भूक आणि कामातलं लक्ष दोन आठवडे बिघडलेलं असेल तर अंगावर काढू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र फुकट चालतो आणि मराठीत बोलता येतं. सोबतचा कोणी "जगून काय करू" म्हणाला तर ते हसण्यावारी नेऊ नका. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि दवाखान्यात घेऊन जा.

शेठ, घटस्थापनेच्या आधी दिवाळीपर्यंतच्या सुट्ट्यांचा तक्ता करून काउंटरमागे लावा आणि त्याखाली १४४१६ लिहा. तक्त्यात स्वतःचीही सुट्टी टाका. तुम्ही घेतलीत तरच बाकीचे मागायला धजतील.