हेक्टरी किती विचारता? मग सगळंच मोजा!

पाड्यावर साहेब येतात, खाचराच्या बांधावर उभे राहतात आणि एकच विचारतात : हेक्टरी किती क्विंटल? आपण आकडा सांगतो. साहेब मान हलवतात. मग कुठल्या तरी सभेत ऐकायला मिळतं की डहाणू-तलासरीच्या आदिवासीची शेती मागास, उत्पादकता कमी, एवढी जमीन घेऊन तो करतो काय? या प्रश्नामागून काय येतं ते आपल्याला ठाऊक आहे. मोजणीचे खुंटे येतात. बुलेट ट्रेन आपल्याच तालुक्यांतून, मुंबई-वडोदरा महामार्गही आपल्याच तालुक्यांतून. जिथं "काही पिकत नाही" ती जमीन घेताना कुणाला काही वाटत नाही.

म्हणून हे माप कसं काढतात ते आपण नीट समजून घेऊ.

गावातली काही शेतं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतात. शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखतात, आतलं भात कापतात, झोडतात, तोलतात. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. पद्धत वाईट नाही. बांधावरून नजर टाकून पैसेवारी लावण्यापेक्षा कितीतरी बरी. ती देशात बसवणाऱ्यांपैकी एक आपल्या सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे. त्यांनीच 1940 नंतरच्या काळात दाखवून दिलं की चौकोन फार लहान घेतला तर पीक खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण साधं आहे. काठावरची रोपं आत धरायची की बाहेर, तिथं हात चुकतो, आणि तो बहुतेक वेळा आतच चुकतो. समजा चौकोन पाच मीटर बाय पाच मीटरचा आहे. हेक्टरात असे 400 चौकोन बसतात. चौकोनात एक किलो चुकलं की कागदावर हेक्टरी 4 क्विंटल चुकतं!

आता पीक विम्याचं बघा. भरपाई तुमच्या शेतावर ठरत नाही, महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते. नदीकाठचं खोल खाचर आणि डोंगरउताराचा तुमचा तुकडा एकाच आकड्यात. खाचरवाल्याला पिकलं, तुमचं करपलं, तर सरासरी म्हणते सगळं ठीक. म्हणजे जमीन घ्यायची तेव्हा आमचं पीक कमी, आणि भरपाई द्यायची तेव्हा आमचं पीक भरपूर. हमीभाव केंद्रावरही तेच. भात किती घ्यायचं ते सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून आणि हेक्टरी सरासरीवरून ठरतं. वनहक्क कायदा 2006 चा. कसत असलेली जमीन चार हेक्टरपर्यंत मिळू शकते असं त्यात लिहिलंय. पण दावा एकरांचा आणि पट्टा गुंठ्यांचा, अशी घरं प्रत्येक पाड्यात आहेत. कसतो दोन एकर, कागद वीस गुंठ्यांचा. मग उरलेलं भात व्यापाऱ्याच्या काट्यावर, तो म्हणेल त्या भावाने.

आणि चौकोनाच्या बाहेर काय राहतं? वरकसावरची नागली, वरई. बांधावरची तूर. उडीद, खुरासणी. बैलाला आणि छपराला लागणारा पेंढा. खाचरातले मासे, खेकडे, बांधावरची भाजी. यातलं "भात हेक्टरी" या खान्यात काहीच बसत नाही. पोरांच्या पोटात मात्र बसतं.

दुसरा शब्द "कार्यक्षमता". म्हणजे जमिनीत घातलं किती आणि निघालं किती. हा हिशेब आम्हाला हवाच आहे, पण घातलेलं सगळं मोजा. आम्ही राबाला पाला-पाचोळा आणि शेण घालतो, बी घरच्या कणगीतलं, पाणी पावसाचं. ज्याच्या वाडीला विहीर, पंप, वीज आणि वर कर्ज, त्याच्याशी नुसता हेक्टरी आकडा लावून आम्हाला नापास कसं करता? पाण्याचंच घ्या. सूर्या धरण बांधलं ते डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीला पाणी देऊ म्हणून. आज रोज 403 दशलक्ष लिटरची योजना वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी. शहरातल्या माणसालाही तहान आहे, त्याच्याशी आमचं भांडण नाही. पण आमचं दुसरं पीक त्या नळातून वाहून गेलं, हे उत्पादकतेच्या कुठल्या खान्यात लिहिणार?

मोठ्या शेताचं कौतुक करणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगू. 1950 नंतर सरकारनेच शेतांच्या पाहण्या केल्या. त्यात दिसलं की लहान शेतात एकरी पीक जास्त निघतं. अमर्त्य सेन यांनी 1962 मध्ये त्यावर लिहिलं. त्याच पाहण्यांत आणखी एक गंमत होती : घरच्या माणसांच्या श्रमाला बाजारची मजुरी लावली की तीच शेती तोट्यात दिसते. आता तुम्हीच बघा. बायका वाकून आवणी करतात त्याची किंमत शून्य धरली तर आमची शेती फायद्याची, मजुरी धरली तर तोट्याची. शेत तेच, भातही तेवढंच. तोट्याचा आकडा दाखवून "सोडा शेती" म्हणणाऱ्यांना विचारा, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो तेव्हा ती मजुरी आम्हाला पुरती मिळते का?

मापावरून भांडण हे आपल्याला नवं नाही. 1945 साली वारल्यांनी गवत कापणं थांबवलं तेव्हा मागणी होती 500 पौंड गवताला अडीच रुपये. किती गवताला किती दाम, एवढंच. त्यासाठी तलवाड्याला गोळी झाली, जेठ्या गांगड गेला.

यंदा कापणीआधी प्रत्येक पाड्याने हे करावं. कापणी प्रयोगाचा दिवस ग्रामसेवकाकडून आधी विचारून घ्यावा. चौकोन आखताना चार माणसं आणि दोन बाया हजर राहाव्यात, दोरी कुठून कुठे धरली ते बघावं, वजन स्वतःच्या वहीत उतरवावं आणि सही मागावी. उताराचं एक शेत आणि खाचराचं एक, अशी दोन शेतं आपणही तशीच मोजावीत. त्याच वहीत नागली, वरई, तूर, पेंढा आणि किती जणांनी किती दिवस काम केलं तेही लिहावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोरीला सोबत बसवावं. वही ग्रामसभेत वाचून ठराव करावा, आणि ठरावाची एक प्रत आमच्याकडे पाठवावी.