कोंबड्यांची मोजदाद झाली, म्हाताऱ्यांच्या खोकल्याची कधी होणार?

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरचे नाव एका रात्रीत देशभर गेले. भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सापडण्याची ती पहिलीच वेळ. पांढऱ्या पोशाखातले कर्मचारी आले, खड्डे खणले गेले, लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. आसपासच्या माणसांचेही नमुने तपासले गेले. सुदैवाने माणसात लागण निघाली नाही. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच संकट आले आणि पुन्हा शेडनिहाय हिशोब झाला. ते आवश्यकच होते. पण वाचकहो, त्याच फेब्रुवारीत, त्याच तालुक्यात, किती म्हातारी माणसे खोकून खोकून गेली हे कुणी सांगू शकेल काय? गावात विचारा. उत्तर ठरलेले आहे : "थंडीनं गेला बिचारा, वय झालं होतं."

थंडीने माणूस मरतो हे अगदी खोटे नाही. डाब, तोरणमाळच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत गवतावरचे दव गोठते आणि त्याचे फोटो आपण मोठ्या हौसेने छापतो. पण बहुतेक वेळा थंडी ही निमित्त असते. खरा धनी असतो विषाणू. इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, कोरोना आणि जानेवारी २०२५ मध्ये ज्याच्या नावाने वाहिन्यांनी दोन आठवडे घबराट माजवली तो एचएमपीव्ही, ही सगळी त्याच जातकुळीतली मंडळी. एचएमपीव्ही काही नवा नव्हता, नेदरलँडमधल्या शास्त्रज्ञांनी तो २००१ सालीच ओळखला होता. तरुणाला हे विषाणू चार दिवस अंथरुणात पाडतात आणि सोडून देतात. साठी-सत्तरी ओलांडलेल्याला मात्र सोडतीलच याचा भरवसा नाही.

का, ते जरा समजून घेऊ. वय वाढले की शरीराची प्रतिकाराची फौज संथ होते. विषाणू घशातून छातीत उतरतो, फुप्फुसाचे अस्तर खरवडतो आणि त्या जखमेवर मग जिवाणू बसतात. त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणजे पहिला हल्ला एकाचा, जीव घेणारा दुसराच. शिवाय फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे २०१८ साली कॅनडातल्या अभ्यासात दिसून आले. आपल्याकडे असा म्हातारा गेला तर लोक म्हणतात "हार्ट अटॅक आला". चार दिवस आधी त्याला सर्दी-खोकला होता, हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आणखी एक गोष्ट घरातल्या माणसांना फसवते. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असे नाही. अंग गार, खोकलाही बेताचा, पण जेवण सुटते, बोलणे असंबद्ध होते, उठताना तोल जातो, दिवसभर ग्लानीत पडून राहतो. "बाबा आज काही बोलत नाहीत" एवढीच तक्रार असते. ही छातीच्या आजाराची खूण असू शकते. ताप नाही म्हणून चार दिवस वाट पाहिली जाते आणि तेच चार दिवस महागात पडतात.

चुलीचा धूर आणि रिकामे घर

आता हे आपल्याच जिल्ह्यात जास्त का जाचते? एक कारण घरातच आहे. तीन दगडांच्या चुलीपुढे चाळीस-पन्नास वर्षे बसलेल्या बाईची छाती विडी न ओढताही विडी ओढणाऱ्यासारखी होते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, टाक्या आल्या, पण लाकूड रानात आहे आणि टाकी भरायला पैसे लागतात. मग चूल पेटतीच राहते. धुराने अगोदरच अरुंद झालेल्या श्वासनळ्यांत फ्लू शिरला की दम कोंडतो. लोक त्याला सरसकट "दमा" म्हणतात. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर वर्षानुवर्षे राबलेल्यांची छातीही या हिशोबात धरायला हवी. मिरचीच्या भावावर आपण रकानेच्या रकाने लिहितो, ती वाळवणाऱ्याच्या खोकल्यावर ओळसुद्धा नाही!

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख, त्यातले दहापैकी सात जण आदिवासी. दिवाळी झाली की पाड्यापाड्यांतून जोडपी गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामावर, कारखान्यात निघतात. बारडोली, नवसारी, सुरत. मागे राहतात आजा-आजी आणि शाळेत जाणारी नातवंडे. पोर शाळेतून नाक वाहत घरी येते आणि आजीच्या कुशीत झोपते. पोर तीन दिवसांत बरे होऊन उड्या मारते, आजी पडते. तिला दवाखान्यात नेणार कोण? धडधाकट माणूस घरात नाही. शेजारच्या घरालाही कडी आहे.

वेळही बघा कशी जुळते. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोके वर काढतो. एकदा पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारी ते मार्च. २०२३ च्या मार्चमध्ये एच-३-एन-२ ची जी साथ राज्यात आली ती या दुसऱ्या हंगामातली. नेमके त्याच सुमारास भोंगऱ्या बाजार आणि होळी येते आणि कोयत्यावर गेलेली माणसे चार दिवस का होईना गावी येतात. दाटीवाटीच्या झोपड्यांतून, भरलेल्या जीपमधून. होळीला येऊ नका, असे सांगणारा मूर्ख ठरेल आणि ठरावाच. पण आलेल्या माणसाला खोकला असेल तर त्याने म्हाताऱ्यांपासून चार दिवस हातभर दूर निजावे, तोंडाला फडके बांधावे, एवढे तर सांगता येईल! तेही मराठीत छापील पत्रकावर नव्हे. ऐकणारी म्हातारी भिलोरी किंवा पावरी बोलते. तिला तिच्या बोलीत सांगणारा माणूस हवा.

कोरोनाने शिकवले ते कुठे गेले?

या जिल्ह्याला श्वासाची किंमत कळत नाही असे कुणी म्हणू नये. सप्टेंबर २०२० मध्ये, देशाला अजून पुरती जाग आली नव्हती तेव्हा, जिल्हा रुग्णालयात हवेतून प्राणवायू काढणारा पहिला प्रकल्प उभा राहिला. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर, त्यामुळे दुसऱ्या लाटेची चाहूल त्यांना लवकर लागली असावी. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दिल्लीतली बडी रुग्णालये सिलिंडरसाठी हात पसरत होती, तेव्हा नंदुरबारचे उदाहरण देशात दिले जात होते. रुग्णांच्या प्राणवायूवर लक्ष ठेवणाऱ्या परिचारिकेची कल्पनाही इथलीच. रेल्वेचे डबे इथल्या स्थानकावर विलगीकरणासाठी उभे होते.

त्याआधी, १५ सप्टेंबर २०२० पासून "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत पथके घरोघर फिरली. हातात तापमापक, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. म्हाताऱ्यांच्या बोटाला प्रथमच कुणीतरी यंत्र लावून बघितले. प्रश्न असा की ते ऑक्सिमीटर आज कुठे आहेत? आरोग्य केंद्राच्या कपाटात असतील तर सेल घालून बाहेर काढायला किती खर्च येतो? घरी, बसलेल्या स्थितीत प्राणवायू ९४ च्या खाली दिसला तर रात्र न काढता दवाखाना गाठायचा, हे साधे गणित तेव्हा पोरासोरांनाही पाठ झाले होते. (थंडीत बोट गार असेल तर आकडा चुकतो; आधी हात चोळून गरम करावा.)

लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी २०१९ पासून "सांस" नावाचे अभियान आहे. हिवाळ्यात आशाताई घरी येते, घड्याळ लावून बाळाचे श्वास मोजते. कुपोषण आणि बालमृत्यूंमुळे आपल्या जिल्ह्यात या कामाची गरज वादातीत. पण ज्या घरात ती बाळाचे श्वास मोजते त्याच घरात, त्याच खाटेवर आजी धापा टाकत असते. मिनिटभर तिचेही श्वास मोजले तर? निवांत बसलेल्या प्रौढाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २०. पंचविशीकडे गेले की सावध व्हावे, तीसला पोहोचले की थांबूच नये. अर्थात हे काम आशाच्या माथी फुकट मारायचे नाही. बाळामागे मोबदला मिळतो तसा म्हाताऱ्यामागेही मिळाला पाहिजे. वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून कागदावर आहेच.

लस कुणाला, मोजणी कुणाची

फ्लूची लस आहे. दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. म्हाताऱ्यांत ती तरुणांइतकी चांगली चालत नाही, हेही खरे. पण आजार गंभीर होण्याचे प्रमाण ती कमी करते. अंगात शक्ती यायला दोन आठवडे लागतात, म्हणून पावसाळ्याआधी, मे महिन्यात ती घेतलेली बरी. पण ती सार्वत्रिक लसीकरणात नाही. शहरातला पेन्शनर खिशातून पैसे देऊन घेतो. अक्कलकुव्यातल्या पाड्यावरच्या आजीने तिचे नावही ऐकलेले नाही. २०१५ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी राज्याने गरोदर महिला आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत दिली होती. मग दमेकरी म्हाताऱ्यांना देता येणार नाही असे कसे म्हणायचे? न्यूमोकोकसची लस बाळांना मोफत मिळते. आजोबांना तीच दुकानात विकत.

फ्लूचे औषधही आहे, ऑसेल्टामिव्हिर. पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर खरा उपयोग. हे ४८ तास जातात कुठे? पहिला दिवस काढ्यात, दुसरा भगताकडे, तिसरा त्या मोटारसायकलवरच्या डॉक्टरकडे, जो विषाणूवर न चालणारे अँटिबायोटिक आणि एक सुई टोचून पैसे घेतो. चौथ्या दिवशी झोळी. नर्मदाकाठी तर झोळी, मग बोट, मग गाडी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण रस्ता जिथे संपतो तिथेच तीही थांबते. मोलगी किंवा धडगावला पोहोचेपर्यंत ओठ निळे झालेले असतात. भगताला शिव्या देऊन काही होणार नाही. तो जवळ आहे आणि रात्री उठतो. "बोलणे बिघडले, धाप लागली तर आधी दवाखाना" हे त्यालाच समजावून सोबत घेणे शहाणपणाचे.

मोजणीचे काय? घरी मरण आले तर ग्रामपंचायतीत नोंद होते, पण कारण लिहिणारा डॉक्टर नसतो. "वृद्धापकाळ" लिहिले की फाइल बंद. १९१८ साली "मानमोडी" नावाने इन्फ्लुएन्झा आला. तेव्हा आपला भाग पश्चिम खानदेशात होता आणि देशभरात कोटीच्या वर माणसे गेली. तेव्हाचाही आकडा अंदाजानेच काढावा लागला, कारण लिहिणारा नव्हता. शंभर वर्षांनीही पाड्यावर तो नाहीच. आशाने घरच्यांना चार प्रश्न विचारले (खोकला किती दिवस, धाप होती का, ताप होता का, घरात आणखी कोण आजारी) आणि उत्तरे वहीत लिहिली, तरी दोन हिवाळ्यांत चित्र दिसू लागेल. दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर क्षयाचीही तपासणी त्यातूनच निघेल, कारण तो रोग याच खोकल्याआड लपतो.

जाता जाता उपयोगाची माहिती. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचारांचे "वय वंदना" कार्ड मिळते. आधार कार्डावरील जन्मसाल त्यासाठी धरले जाते. आपल्याकडे कित्येक म्हाताऱ्यांचे आधारवरचे साल कुणीतरी अंदाजाने टाकलेले आहे, सत्तरीची बाई कागदावर एकसष्टची असते. ही दुरुस्ती आजारी पडल्यावर होत नाही. ऊसतोडीला निघण्याआधी, मुले घरी असतानाच, आई-बापाला केंद्रावर घेऊन जा आणि हे काम उरकून घ्या.