मैदा, डाळ आणि आठ पौंड

लंडनमधल्या मलेशियन रेस्तराँमध्ये मराठी ग्रुपबरोबर जेवायला गेलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. रोटी चानाई टेबलावर आली की, “अरे, हा तर आपला परोटा!” आणि बिल आलं की, “मैदा आणि डाळीचे आठ पौंड? लूट आहे राव.” मधे जेमतेम पाऊण तास गेलेला असतो आणि बऱ्याचदा बोलणाराही तोच असतो. ही विसंगती आहे असं वाटेल, पण नाही. पहिल्या वाक्यामुळेच दुसरं बोलायची हिंमत होते. पदार्थ एकदा ‘आपला’ ठरवला की तो बनवणारे हात हिशोबातून उडतात. घरच्या पोळीचे कुणी पैसे मागतं का?

तर आधी हे ‘आपला’ तपासू.

ब्रिटिशांना मलायात रबर पिकवायचं होतं आणि त्यासाठी मजूर हवे होते. ते त्यांनी मुख्यतः तमिळ मुलखातून नेले. आधी गिरमिटावर, तिथली गिरमिट पद्धत १९१० मध्ये बंद झाली. दुसरी होती कंगाणी पद्धत. मळ्यावरच्या मुकादमालाच त्याच्या गावी परत पाठवायचं आणि त्याने भाऊबंदांना गोळा करून आणायचं. (ऊसतोडीचा मुकादम आणि त्याची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको.) १९३८ मध्ये भारत सरकारने ही मजूरभरती थांबवली. मजुरांशिवाय तमिळ मुस्लिम व्यापारी आणि खानावळवालेही गेले. पेनांगमध्ये ते खांद्यावरच्या कावडीत भात आणि कालवण घेऊन विकत फिरायचे. ‘नासी कांदार’ या पदार्थाच्या नावातला कांदार म्हणजे ती कावड. त्यांच्या खानावळींना आज ‘मामाक’ म्हणतात, तमिळ ‘मामा’वरून. आपला असतो तसाच मामा.

या सगळ्यात सांगली, नाशिक, सदाशिव पेठ कुठे येते? आपल्या आजोबांच्या पिढीने या लोकांना सरसकट ‘मद्रासी’ म्हटलं. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि सुरुवातीच्या वर्षांत तिचा राग निघाला तो मुंबईतल्या दाक्षिणात्यांवर. उडुपी हॉटेलंही त्यातून सुटली नाहीत. म्हणजे दादरमध्ये जो परका, त्याच्या परोट्यावर लंडनमध्ये आपली मालकी. विमानात बसल्यावर नक्की कुठे हा बदल होतो, अरबी समुद्रावर की इराणवर?

बरं, ती रोटी आता नुसता परोटा राहिलेलीही नाही. तिथल्या लोकांनी तिचं जे केलंय ते बघायला काउंटरजवळचं टेबल घ्यावं. तेलातुपात मुरवलेला गोळा तो माणूस ओट्यावर थापतो, मग दोन्ही हातांनी हवेत असा फेकतो की दर फेकीला तो वाढतो. शेवटी आरपार दिसेल इतका पातळ. मग घडी, मग तवा, आणि उतरवल्यावर दोन्ही तळव्यांमध्ये टाळी, पदर सुटावेत म्हणून. एका शुक्रवारी हे तो किती वेळा करत असेल? मी नोकरीत दिवसाला चार वेळा बिल्ड लावतो आणि मान धरली म्हणून फिजिओकडे जातो. सोबत डाळ, माशाचं कालवण किंवा सांबल. अंडं घातलेली वेगळी, आणि ‘रोटी तिसू’ म्हणजे कागदासारखी पातळ, गोड, उभ्या शंकूसारखी. मलेशियात मामाकमध्ये मलय, चिनी, तमिळ सगळे रात्री उशिरापर्यंत फुटबॉल बघत हे खातात. शेजारच्या ताटातला नासी लमाक तर बघाच: नारळाच्या दुधात शिजवलेला भात, शेंगदाणे, काकडी, अंडं आणि सुक्या मांदेलीच्या भावकीतले छोटे मासे. मालवणच्या माणसाला ते बघून गहिवरून येईल. गहिवरायला हरकत नाही, सातबारा मागू नये.

हा सातबारा गोरे लोकही मागतात. २०१८ मध्ये ब्रिटनच्या ‘मास्टरशेफ’मध्ये मलेशियात जन्मलेल्या एका स्पर्धक बाईंनी चिकन रेंडांग केलं, आणि कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही म्हणून परीक्षकांनी नाक मुरडलं. रेंडांग हे नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवलेलं मांस. त्यात कुरकुरीत काय असणार? मलेशियात संताप उसळला, पंतप्रधानांपर्यंत सगळे बोलले. त्यावर एका परीक्षकाने ट्विट केलं की रेंडांग कदाचित इंडोनेशियाचं असेल, आणि शेवटी लिहिलं ‘नमस्ते’. मलेशियन लोकांना नमस्ते! आपण तेव्हा त्याला हसलो. ‘हा तर आपला परोटा’ म्हणणाऱ्याला हसायला मात्र कुणी तयार नाही.

आता पैशांचं. आमच्या ग्रुपमधला प्रत्येक जण पुण्यात किंवा बंगळुरात जे करत होता तेच इथे करतो. तीच जावा, तेच तिकीट, तोच सोमवारचा कॉल. विमान बदललं आणि पगार कित्येक पटींनी वाढला. याला आम्ही ‘मार्केट रेट’ म्हणतो. रोटी त्याच शहरात आली, तेच भाडं, तीच वीज भरू लागली, की तिचा मार्केट रेट ही लूट. कोडचा भाव लंडनचा आणि परोट्याचा भाव मदुराईचा, हा कुठला हिशोब?

शिवाय सरकारने फरक करून ठेवलाच आहे. एप्रिल २०२४ मध्ये स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर गेली. आम्ही तरलो. जुलै २०२५ पासून नव्या अर्जांसाठी काम पदवीच्या पातळीचं हवं. स्वयंपाकी त्यात बसत नाही. हवेत रोटी फेकणं हे ‘स्किल’ नाही आणि दुसऱ्याचा कोड चोप्य-पस्त करणं आहे.

आणि तरी बिल आल्यावर हात पहिला जातो तो साडेबारा टक्के सर्व्हिस चार्जकडे. “ऑप्शनल आहे ना, काढायला सांग.” कोपऱ्यात एकच रोटी मागवून तिघांत खाणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल मी बोलत नाहीये, त्यांनी खुशाल काढावा. मी पगारदारांबद्दल बोलतोय. १ ऑक्टोबर २०२४ पासून इथला कायदा सांगतो की टिप आणि सर्व्हिस चार्जची रक्कम मालकाने कामगारांनाच द्यायची, त्यातून स्वतःसाठी काही कापायचं नाही. म्हणजे तो काढून आपण मालकाला धडा शिकवत नाही. काउंटरमागच्या त्या माणसाच्या खिशातून माणशी दोन-अडीच पौंड काढून घेतो.

मग तोच ग्रुप कोपऱ्यावरच्या पबमध्ये जातो. सात पौंडांचा पाइंट हातात घेऊन, “जव आणि पाणीच तर आहे,” असं म्हणणारा अजून मला भेटलेला नाही.